पहिले ऑफ-रोड ड्रायव्हिंग: गाडीबाहेर कोण उभे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातले सहा मित्र, एक थार, एक जिम्नी आणि एक पुढच्या चाकांवर चालणारी छोटी एसयूव्ही अशा तीन गाड्या, डांबर सोडून गाडी चालवण्याचा अनुभव कोणालाच नाही, आणि जुलैतल्या एखाद्या रविवारी मुळशीच्या पलीकडे कुठेतरी चिखलात उतरण्याचा बेत आहे, तर गाड्यांमध्ये कोणते बदल करावेत आणि सोबत काय सामान घ्यावे. बदलांबद्दलचे उत्तर सोपे आहे. काहीही बदलू नका. सामानाबद्दल पुढे सविस्तर लिहितो. पण तुम्ही न विचारलेल्या दोन गोष्टी आधी सांगतो, कारण माझ्या मते दिवस चांगला जाणार की वाईट हे त्यांवरच ठरेल. बेत जुलैत नको, दिवाळीनंतर करा. आणि तीनपैकी दोनच गाड्या खाली उतरवा, तिसरी डांबराच्या कडेला लावून ठेवा. तिसऱ्या गाडीतले दोघे त्यामुळे रिकामे राहतील असे समजू नका, त्या दिवसाचे सर्वांत महत्त्वाचे काम त्यांच्याकडेच असणार आहे.

हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो आहे. बावीस वर्षांपूर्वी आम्ही चौघे मित्र एक जुनी पेट्रोल जिप्सी घेऊन पौडच्या पुढे गेलो होतो. श्रावण होता, भाताची लावणी नुकतीच आटोपलेली होती, आणि दोन खाचरांच्या मधून जाणाऱ्या पाणंदीने वर टेकाडावर जायचे असे आमचे ठरले होते. शंभर पावलांवर गाडीचा मागचा भाग घसरला आणि डावे मागचे चाक बांधावरून खाचराच्या कडेला उतरले. मी मोठ्या आत्मविश्वासाने फोर-व्हील लोचा, म्हणजे चारही चाकांना सावकाश पण जास्त जोर देणारा, दांडा ओढला आणि रेस दिली. चाक जागच्या जागी फिरू लागले. एक मित्र खिडकीतून ‘अजून दे’ म्हणत होता, दुसरा ‘स्टिअरिंग उजवीकडे कापून घे’ म्हणत होता, तिसरा मागून ढकलत होता आणि नखशिखांत चिखलाने माखला होता. पाच मिनिटांत मागच्या चाकांना जोडणारा आस, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल जमिनीला टेकला, बांधाचा हातभर भाग खचला आणि खाचरातले पाणी खळखळ वाहून जाऊ लागले. डोक्यावर इरले घेतलेले एक शेतकरी काका तोपर्यंत बांधावर येऊन उभे राहिले होते. त्यांनी काही वेळ नुसते पाहिले आणि मग शांतपणे म्हणाले, “अरे, पुढली चाकं फिरतच न्हाईत की तुमची.”

त्या काळच्या जिप्सीला पुढच्या चाकांच्या मध्यावर हब असत आणि ते खाली उतरून हाताने फिरवून लॉक करावे लागत. आम्ही ते केलेच नव्हते. आतला दांडा फोर-व्हीलवर असला तरी पुढची चाके मोकळीच होती आणि सगळा जोर मागच्या दोन चाकांवर जाऊन ती खड्डा खणत होती. आम्हा चौघांपैकी एकाचेही पुढच्या चाकांकडे लक्ष गेले नव्हते, कारण जो तो मागच्या फिरत्या चाकाकडे किंवा माझ्या तोंडाकडे पाहत होता. हब लॉक केल्यावर आणि चाकांखाली दगड घातल्यावर गाडी दुसऱ्या प्रयत्नात बाहेर आली. काकांनी पैसे घेतले नाहीत, फावडे मात्र हातात दिले. फुटलेला बांध पुन्हा लिंपेपर्यंत आम्हाला संध्याकाळ झाली.

तेव्हापासून आजतागायत कोणत्याही नवख्या गटाबरोबर जाताना मी पहिल्यांदा एवढेच विचारतो, की गाडीबाहेर कोण उभे राहणार आहे. चालकाच्या जागेवरून बॉनेटच्या पुढची काही फूट जमीन दिसत नाही, मागची चाके दिसत नाहीत, आणि डाव्या पुढच्या चाकाखाली नेमके काय आहे याचा तर निव्वळ अंदाजच असतो. ज्याला हे सगळे दिसते तो माणूस बाहेर असतो. आमच्यात त्याला स्पॉटर म्हणतात. गाडी प्रत्येक अडथळ्यावर त्याच्या खुणेने चालते. तिसऱ्या गाडीतल्या दोघांकडे असणारे काम हेच.

आता ऋतूबद्दल. आषाढ-श्रावणातला चिखल चित्रफितीत फार आकर्षक दिसतो, पण शिकण्यासाठी तो अत्यंत वाईट शिक्षक आहे, कारण त्यात चूक आणि बरोबर यांचा परिणाम सारखाच होतो: गाडी रुतते. शेतकऱ्यांकडे यासाठी एक अचूक शब्द आहे, वापसा. जमिनीतले जादा पाणी निचरून गेलेले असते, पण ओल टिकून असते, ती ही अवस्था. मूठभर माती दाबून तिचा लाडू करावा आणि छातीच्या उंचीवरून खाली टाकावा. तो फुटून विस्कटला तर वापसा आला आहे, चपटा होऊन तसाच चिकटून बसला तर आलेला नाही. पेरणीसाठी केली जाणारी ही परीक्षा टायरसाठीही तितकीच खरी आहे. वापशावरच्या मुरमाड जमिनीत टायर पकड घेतो, थोडा घसरतो, पुन्हा पकडतो, आणि पायाखालच्या पॅडलचा चाकावर काय परिणाम होतो हे नवख्यालाही जाणवते.

सगळी माती एकसारखी नसते हेही लक्षात ठेवा. मुळशी-मावळात तांबूस, मुरूम मिसळलेली जमीन बरीच आहे आणि ती उघडीप मिळाली की दोन-तीन दिवसांत सावरते. हाच खेळ दौंड-बारामतीकडे किंवा सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात करायला जाल तर फसाल. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत अशी गच्च बसते, की चार-पाच फेऱ्यांतच महागडा मड टायरही घोटून गुळगुळीत केल्यासारखा होतो. कातळाचेही तसेच आहे. कोरड्या काळ्या बसाल्टवर किंवा कोकणातल्या जांभ्यावर टायर जवळजवळ डांबराइतका धरतो, पण त्यावर शेवाळ आले की त्याच दगडावर उभे राहणेही कठीण होते.

जागा निवडताना सातबारा कोणाच्या नावावर आहे हे आधी पाहा, टायरचा ब्रँड नंतर. गटातल्या एखाद्याच्या नातेवाइकांची पडीक जमीन असेल तर तिच्यासारखे शाळेचे मैदान दुसरे नाही. ताम्हिणीचा परिसर २०१३ पासून वन्यजीव अभयारण्य आहे. १९२७ चा भारतीय वन कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यांखाली वनक्षेत्रात विनापरवाना गाडी घालणे महागात पडते. कासचे पठार असो वा रत्नागिरीकडचे सडे असोत, तिथल्या कातळावरचा मातीचा थर काही बोटे जाडीचा असतो आणि त्यावरून गेलेल्या चाकाची खूण वर्षानुवर्षे राहते. तिथे परवानगी मिळाली तरी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्रकिनाऱ्याचा मोहही टाळा. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणे हा गुन्हाच आहे, आणि कोकणात भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाड्यांच्या बातम्या दर सुट्टीच्या हंगामात तुम्ही वाचतच असाल. इगतपुरीजवळ महिंद्राचे प्रशिक्षण केंद्र आहे. पहिला दिवस अशा ठिकाणी शिक्षकाबरोबर घालवता आला तर त्याहून चांगले काही नाही.

गाड्यांकडे वळतो. थार असलेल्या मित्राला आधी एक गोष्ट तपासायला सांगा, ती कदाचित हास्यास्पद वाटेल: त्याची थार खरोखर फोर-व्हील-ड्राइव्ह आहे ना? २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते, बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात, आणि गटात येऊन पहिल्या चढावर हा शोध लागलेला माणूस मी पाहिलेला आहे. जिम्नीच्या बाबतीत हा प्रश्न नाही. ती थारपेक्षा बरीच हलकी आहे आणि हा हलकेपणा मऊ जमिनीत तिच्या पथ्यावर पडतो. थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आणि जिम्नीची २१० मिलिमीटर आहे. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण पाच दारांच्या जिम्नीचे पोट लांब असल्यामुळे टेकाडाच्या माथ्यावर ती आधी टेकते. म्हणून जिथून थार गेली तिथून जिम्नी जाईलच असे गृहीत धरू नका. उलटही धरू नका, कारण झाडांच्या मधून जाणाऱ्या अरुंद वाटेत कमी रुंदीची जिम्नी जिथून सहज निघते तिथे थारला मागे-पुढे करावे लागते.

तिसरी गाडी खाली का उतरवू नये याचे कारण तिच्या मालकाला नीट समजावून सांगा, नाहीतर तो मनातून दुखावतो. चढावर कोणत्याही गाडीचे वजन मागे सरकते. ज्या गाडीला पुढची चाके ओढतात, तिची नेमकी ओढणारी चाकेच अशा वेळी हलकी होतात आणि फिरत बसतात. डोंगरातले जुने चालक अशा गाड्या अवघड चढावर उलट्या, म्हणजे रिव्हर्समध्ये, चढवतात ते याचसाठी. शिवाय त्या गाडीला लो गिअर नसतो, त्यामुळे चढावर क्लच जळतो आणि उतारावर ब्रेक तापतात. डांबराजवळ उभी असलेली ही सुस्थितीतली गाडी मात्र तुमचा विमा आहे. कोणाला दुखापत झाली किंवा एखादा भाग तुटला, तर ती चिखल न लागता ताबडतोब निघू शकते.

फोर-व्हील हाय आणि लो यांबद्दल बराच गोंधळ असतो. तुमच्या दोन्ही गाड्यांमध्ये पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल फोर-व्हीलमध्ये एकमेकांना ताठ जोडला जातो. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि हा फरक सैल मातीत चाक थोडे घसरून भरून काढते. कोरड्या डांबरावर त्याला घसरायला वाव नसतो, म्हणून सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. डांबर संपल्यावर दांडा ओढा आणि डांबर लागण्याआधी सोडा. लोमध्ये जोर साधारण दोन ते अडीच पट होतो आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. लो घालण्यासाठी गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रलमध्ये आणा आणि मगच दांडा हलवा. अडथळा समोर आल्यावर, चढावर लटकलेल्या अवस्थेत लो शोधत बसण्यापेक्षा शंका आली की आधीच घालून ठेवलेला बरा.

चारही चाकांना जोर मिळतो म्हणजे चारही चाके ओढतात, असे मात्र नाही. साधे डिफरन्शियल, म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकांत जोर वाटणारी गिअरची पेटी, जोराला सोपी वाट करून देते, आणि सोपी वाट म्हणजे हवेत लोंबणारे किंवा चिखलात फिरणारे चाक. त्यामुळे डावे पुढचे आणि उजवे मागचे चाक एकाच वेळी उचलले गेले, की फोर-व्हील गाडीही जागेवर उभी राहते. नव्या गाड्यांमध्ये संगणक फिरत्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्या बाजूला जोर पाठवतो. पण त्यासाठी त्याला एक-दोन सेकंद द्यावे लागतात, आणि नवखे चालक नेमके तेव्हाच घाबरून पाय उचलतात. चाक फिरायला लागले की रेस न वाढवता आणि न सोडता तशीच धरून ठेवा. ब्रेकचा खरखर आवाज येईल. येऊ द्या. दोन-तीन सेकंदांत गाडी हलली नाही तर मात्र थांबा, कारण त्यापुढे तुम्ही फक्त खड्डा खोल करत असता.

टायरमधली हवा कमी करणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. मुरूम, खडक आणि सौम्य चिखलासाठी मी १८ ते २० पीएसआय ठेवतो. हवा कमी झाली की टायर लांबट पसरतो, दगडाला वेटोळे घालतो आणि गाडीतले धक्केही निम्म्यावर येतात. साध्या रिमवर १५ पीएसआयच्या खाली नवख्याने जाऊ नये, कारण वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. दुसरी बाजू अशी, की हवा कमी असताना टायरची कूस बाहेर फुगते आणि बसाल्टच्या धारदार कडेवर ती कापली जाण्याची शक्यता वाढते. कुशीचे पंक्चर निघत नाही, म्हणून स्टेपनी पूर्ण हवेची आणि त्याच मापाची हवी. एक बऱ्यापैकी कंप्रेसर आणि एक विश्वासू प्रेशर गेज आधी विकत घ्या. बंपर, दिवे आणि शिडी यांना अजून पुष्कळ वेळ आहे.

आता मित्रांबद्दल, कारण माझ्या अनुभवात पहिल्या दिवशीचे बहुतेक अपघात जमिनीमुळे नव्हे तर मित्रांमुळे होतात. चौघे जण चार बाजूंनी ओरडत असले की चालक ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकतो. म्हणून प्रत्येक अडथळ्यावर स्पॉटर एकच असेल हे सकाळी चहाच्या टपरीवरच ठरवून घ्या. तो गाडीच्या पुढे, चालकाला स्पष्ट दिसेल असा, पण गाडी अचानक उसळली तर चिरडला जाणार नाही इतक्या अंतरावर उभा राहतो. चढावर तो कधीही गाडीच्या खालच्या बाजूला नसतो. तो तोंडाने जवळजवळ बोलत नाही, कारण इंजिनच्या आवाजात ‘डावीकडे’ कोणाचे, त्याचे की चालकाचे, हा घोळ हमखास होतो; तो हाताने चाक ज्या दिशेला फिरवायचे ती दिशा दाखवतो आणि मूठ उंचावली की थांबायचे असते. मूठ मात्र कोणीही उंचावू शकतो. थांबवण्याचा अधिकार सहाही जणांना हवा, चालवण्याच्या सूचना देण्याचा एकालाच.

दुसरा धोका उचकवण्याचा. ‘त्याची गेली, तुझी का जात नाही’ हे वाक्य मैत्रीत सहज निघते आणि त्याने क्लच जळतात. मी गटात सरळ सांगून टाकतो, की जो अडथळा पाहून ‘मी आज हे करत नाही’ म्हणेल त्याला संध्याकाळच्या भजीचे पैसे द्यावे लागणार नाहीत. गमतीचा नियम आहे, पण त्याने माणसांना नाही म्हणण्याची सोय होते. मोबाइलवर चित्रण करणाऱ्याने स्पॉटिंग करू नये आणि स्पॉटरने मोबाइल खिशातून काढू नये. पट्टा सर्वांनी, अगदी ताशी पाच किलोमीटर वेगातही, लावलेला हवा. गाडी कुशीवर पडते ती हळूच पडते आणि तेव्हा माणूस नकळत हात बाहेर काढतो. मागच्या सीटवरचा जॅक, पाण्याचा कॅन आणि डबे बांधून ठेवा. स्टिअरिंगच्या आत अंगठे गुंतवू नका. चाक दगडावर आपटून स्टिअरिंग फिरले तर आतला अंगठा दुखावतो.

प्रत्यक्ष चालवण्यात पहिला नियम एवढाच, की जिथून गाडी न्यायची तिथून आधी चालत जा. दगड दिसला तर तो दोन चाकांच्या मधून काढण्याचा मोह होतो, कारण शहरात आपण खड्डा आणि दगड तसेच चुकवतो. इथे उलट करायचे असते. गाडीखाली सर्वांत खाली लोंबते ते डिफरन्शियल. टायर दगडावर चढवला की तेही त्याच्याबरोबर उचलले जाते, दगड मधे घेतला तर थेट त्यावर आदळते. चाकोरी खोल असेल तर एक चाक मधल्या वरंब्यावर आणि दुसरे बाहेरच्या कडेवर ठेवून चाला. चाकोरीत उतरावेच लागले तर अधूनमधून स्पॉटरला विचारत राहा की पुढची चाके सरळ आहेत ना, कारण चिखलाच्या घळीत स्टिअरिंग पूर्ण वळलेले असूनही गाडी सरळच जात राहते आणि काठ संपताच झटक्यात बाजूला उडी मारते.

नवख्यांना मी पहिला चढ मुद्दाम अर्ध्यावर सोडायला लावतो. चढून जाणे सोपे आहे. न चढता आल्यावर परत खाली येणे शिकावे लागते. गाडी चढावर अडली किंवा बंद पडली, की पहिली ऊर्मी क्लच दाबण्याची किंवा गाडी वळवून उतरण्याची होते आणि दोन्ही घातक आहेत. क्लच दाबला की इंजिनची पकड सुटते, मग चाके ब्रेकखाली लॉक होऊन गाडी घसरते. वळवली की ती उताराला आडवी होते, आणि आडवी झालेली गाडी लोळते. पाय ब्रेकवर घट्ट ठेवा, हँडब्रेक ओढा, मग क्लच दाबून इंजिन सुरू करा, लोमधला रिव्हर्स पूर्ण पडला आहे याची खात्री करा, क्लच पूर्ण सोडून इंजिनला गाडी धरू द्या आणि मगच हँडब्रेक व ब्रेक हळूहळू मोकळे करा. गाडी इंजिनच्या ताकदीवर, सरळ रेषेत, आल्या वाटेने मागे येईल. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक न सोडता दांडा रिव्हर्सला न्या, बाकी सगळे तेच. कमी उंचीच्या, खाली मोकळी सपाटी असलेल्या चढावर हे पाच वेळा करा. सहाव्या वेळी पायांना ते आपोआप समजलेले असते.

उतरताना लोचा पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला, ब्रेकवर अगदी हलका स्पर्श. मागची बाजू घसरून गाडी तिरकी व्हायला लागली तर ब्रेक दाबू नका, किंचित रेस द्या. चाकांचा वेग गाडीच्या वेगाशी जुळला की ती पुन्हा सरळ होते. हे वाचून पटत नाही, एकदा अनुभवल्यावर पटते.

ओढ्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण जुलैचा बेत ठरवणाऱ्यांच्या मनात बहुधा ओढाच असतो. घाटमाथ्यावर पावसाळ्यात दिवसाला दोनशे-तीनशे मिलिमीटर पाऊस नवलाचा नसतो. तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी वर सर कोसळली की खालचा ओढा अर्ध्या तासात घोट्यावरून कमरेपर्यंत येतो. गढूळ होत चाललेले पाणी, वाहत येणारी काटक्यांची गर्दी आणि बदललेला आवाज या त्याच्या खुणा आहेत. काठी घेऊन आधी पायी ओलांडून पाहा. जे पाणी चालत ओलांडवत नाही, त्यात गाडी घालू नका. नव्या थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर खोलीचा आकडा सांगते, पण तो संथ पाण्यासाठी आणि शहाण्या चालकासाठी आहे. वाहते पाणी फूटभर खोल असले तरी हलकी गाडी बाजूला सरकवू शकते. पाण्यात हळू शिरा, एकाच गिअरमध्ये स्थिर वेगाने जा, म्हणजे बॉनेटपुढे छोटी लाट तयार होते आणि तिच्या मागे पाणी थोडे खाली राहते. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर ते दाबले जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो, आणि बराच मोठा खर्च येतो. नेहमीच्या विम्यात हा खर्च बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. बंद गाडी दोराने बाहेर काढा आणि मेकॅनिककडून उघडून घ्या.

आता सामान. ज्या एका गोष्टीने मला अजूनही भीती वाटते ती म्हणजे रुतलेली गाडी ओढणे. काही वर्षांपूर्वी आमच्या समोरच एका दुसऱ्या गटाने दोर टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडण्यासाठी गाडीमागे असलेल्या गोळ्याला, अडकवून झटका दिला. गोळा तुटला आणि सुटून पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून आत गेला. मागची सीट रिकामी होती, एवढेच नशीब. टो-बॉल, बंपर, किंवा गाडी ट्रकवर बांधण्यासाठी खाली दिलेली बारीक कडी, यांना कधीही दोर लावू नका. चेसिसला जोडलेला, कंपनीने ओढण्यासाठी दिलेला हुकच वापरा आणि तो कुठे आहे हे घरीच मॅन्युअल उघडून पाहून या. विणलेला नायलॉनचा कायनेटिक दोर घ्या. तो ओढल्यावर साधारण पाव ते एक तृतीयांश लांबतो आणि रबरासारखी हळुवार ओढ देतो. तारेचा दोर किंवा साखळी झटक्याने ओढण्यासाठी मुळीच नाही. शॅकल, म्हणजे दोर हुकाला जोडणारी कडी, ४.७५ टनांचा, त्यावर तसे कोरलेले असेल असाच. ओढण्याआधी सगळी माणसे दोराच्या लांबीच्या दीडपट दूर जातील, दोराच्या रेषेत कोणीही उभे राहणार नाही, आणि दोरावर मधोमध एक ओले पोते किंवा जाड ब्लँकेट टाकलेले असेल.

तरीही दोर हा शेवटचा उपाय आहे. निम्म्या वेळा फावडेच पुरते. चाकांपुढची माती उतरती करून काढा, पोटाखाली टेकलेला भाग मोकळा करा, चाके सरळ करा, हवा आणखी दोन पीएसआयने उतरवा, चाकांखाली दगड किंवा पालापाचोळा नव्हे तर ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या, किंवा जुनी जाड पायपुसणी घाला, आणि मग हळुवार प्रयत्न करा. दगड आम्ही तेव्हा घातले होते खरे, पण फिरत्या चाकाखालून दगड मागे गोळीसारखा उडतो हे आम्हाला माहीत नव्हते. जिम्नीने थार ओढायची वेळ आलीच, तर हलकी गाडी स्वतःच घसरते, म्हणून आधी थारखालची माती नेहमीपेक्षा जास्त मोकळी करावी लागते. याखेरीज प्रथमोपचाराची पेटी, अग्निशामक, प्रत्येक माणसामागे तीन-चार लिटर पाणी, हातमोजे, आणि कागदावर काढलेला नकाशा. मुळशीच्या मागच्या खोऱ्यात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. गावातून जाताना कोणाला तरी सांगून जा की आम्ही अमुक बाजूला आहोत आणि अंधाराआधी परतू.

दिवस संपल्यावर डांबर लागण्यापूर्वी चारही टायरमध्ये पूर्ण हवा भरा; कमी हवेवर ताशी ऐंशीने गेलेला टायर तापून फुटू शकतो. परतीच्या रस्त्यावर स्टिअरिंग थरथरू लागले तर अलाइनमेंट बिघडले म्हणून घाबरू नका, बहुतेक वेळा रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल असतो आणि पाण्याचा फवारा मारला की थरथर जाते. पाण्यातून गेला असाल तर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर चालवून वाळवा. दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुवा, रेडिएटरच्या जाळीतला चिखल मागच्या बाजूने पाणी मारून काढा, एअर फिल्टर उघडून पाहा, आणि डिफरन्शियलचा वरचा बोल्ट काढून आत बोट घाला. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. ते पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता त्याच दिवशी बदलून टाका.